चमकीच्या बाटलीची परीक्षा

नखांना लावायच्या रंगाची एखादी तरी बाटली तुमच्या घरात असेल. ताईची, मावशीची किंवा तुमची स्वतःची. तिच्यात चमकी असेल तर ती उजेडात धरून गोल फिरवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पण या बाटलीचा आणि विज्ञानाच्या मासिकाचा संबंध काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तुमच्या शिक्षकांना तर तो आधीच पडला असेल. माझे मत असे, की हा संबंध फार जवळचा आहे. घरच्या घरी नखांचे रंग लावून पाहणे आणि त्यांचे गुणदोष लिहून ठेवणे हा नट्टापट्टा खराच. पण तो नीट केला तर तो एक अस्सल प्रयोगही आहे. आणि नीट केला नाही तर? तर ती निर्मात्याची जाहिरात आहे, एवढेच.

हे मत मी का मांडतो, ते सांगायला थोडी पार्श्वभूमी हवी. २०१०च्या आसपास अमेरिकेत आणि त्यानंतर इतर देशांत नखांचे रंग बनवणारे लहान लहान निर्माते पुढे आले. मोठ्या कंपन्यांपासून वेगळे, स्वतंत्र. अनेकदा एकच बाई, तिची एक खोली, एक वजनकाटा आणि शेकडो लहान बाटल्या. पातळ बैठा द्रव त्या तयार विकत घेतात आणि त्यात रंगद्रव्ये व चमकी आपल्या कल्पनेने मिसळतात. एका वेळचा घाणा लहान असतो. तो संपला की तोच रंग पुन्हा जसाच्या तसा उतरेल याची खात्री नसते. ही बाटली इंटरनेटवरून विकली जाते. गिऱ्हाइकाला ती हातात धरून पाहता येत नाही. मग भरवसा कशावर? कोणीतरी ती घरी लावून पाहिलेली असते, नखांची छायाचित्रे काढलेली असतात आणि चार ओळी लिहिलेल्या असतात, त्यांच्यावर. म्हणजे हजारो माणसे आपले पैसे खर्च करावेत की नाही, हे दुसऱ्या कोणाच्या तरी घरगुती प्रयोगावरून ठरवतात. तो प्रयोग कसा केला होता, हे विचारायला नको काय?

बाटलीत असते तरी काय?

परीक्षा घ्यायची तर आधी परीक्षार्थी कोण हे कळले पाहिजे. नखांच्या नेहमीच्या रंगातील मुख्य पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसातील किंवा लाकडातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून तो बनवतात. ख्रिस्तियन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली तो जगापुढे आणला, तेव्हा त्याचा पहिला उपयोग झाला तो स्फोटक म्हणून! नायट्रेटचे प्रमाण कमी ठेवले की त्याच पदार्थाचा पारदर्शक पापुद्रा बनवता येतो. चित्रपटांच्या जुन्या फिती त्याच्याच होत्या. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फितीवर उतरला होता. १९२०च्या दशकात मोटारींना देण्याचे झटपट वाळणारे रंग याच पदार्थापासून बनू लागले, आणि मोटारीवरून हा चकचकीत पापुद्रा नखांवर आला. १९३२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘रेव्हलॉन’ने रंगद्रव्ये घातलेले अपारदर्शक नखरंग लोकप्रिय केले.

हे नायट्रोसेल्युलोज एथिल ॲसिटेट आणि ब्यूटिल ॲसिटेट या द्रावकांमध्ये विरघळवलेले असते. बाटली उघडताच जो गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो तो यांचाच. बाटलीतील द्रवाचा बहुतेक भाग म्हणजे हे द्रावकच. नखावर रंग लावला की द्रावक उडून जातात आणि मागे पापुद्रा राहतो. तो ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात लवचिकपणा आणणारा एखादा पदार्थ घालतात, आणि नखाला घट्ट धरून राहावा म्हणून एखादे राळेसारखे रसायन.

आता चमकी. बाजारातील बहुतेक चमकी पॉलिएस्टरच्या अतिशय पातळ पत्र्याची असते. त्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा आणि त्यावर रंगाचा थर असतो. मग यंत्राने त्याचे बारीक तुकडे करतात. भिंग घेऊन पाहा. बहुतेक तुकडे षट्कोनी दिसतील. का बरे? मधमाशीला विचारा! षट्कोन एकमेकांना चिकटून बसतात, मधे जागा सुटत नाही, त्यामुळे पत्रा वाया जात नाही.

इथे एक छोटा प्रयोग करता येईल. हस्तकलेच्या दुकानातील स्वस्त चमकी चिमूटभर घ्या आणि काचेच्या वाटीत नखरंग पुसण्याच्या द्रवात टाकून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाहा. काही चमकीचा रंग द्रवात उतरलेला असेल आणि चमकी पांढुरकी पडलेली असेल. काही चमकी चुरगळलेली असेल. काही मात्र जशीच्या तशी. कागदावर चिकटवायच्या चमकीला द्रावकात महिनोन्‌महिने राहायचे नसते, नखरंगातील चमकीला राहावे लागते. लहान निर्मात्याने चमकी निवडताना ही परीक्षा घेतली नसेल, तर आज सुंदर दिसणारी बाटली चार महिन्यांनी गढूळ होते. आल्या दिवशीच लिहिलेल्या परीक्षणात हा दोष कधीच सापडणार नाही. म्हणून परीक्षणावर तारीख हवी, आणि काही महिन्यांनी दुसरी नोंद हवी.

चमकी बुडत का नाही?

एथिल ॲसिटेटची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९० ग्रॅम आहे, पॉलिएस्टरची सुमारे १.३८ ग्रॅम. मग चमकी तळाशी जाऊन बसायला हवी. साध्या पारदर्शक नखरंगात ती घातली तर बसतेही. पण चमकीच्या नखरंगासाठी जो द्रव वापरतात त्यात विशिष्ट प्रकारची, रासायनिक प्रक्रिया केलेली माती घातलेली असते. हेक्टोराइट किंवा बेंटोनाइट ही त्या मातीची नावे. तिचे अतिसूक्ष्म पापुद्रे द्रवात एकमेकांना टेकून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना करतात आणि चमकीला तोलून धरतात. बाटली हलवली की बंगला कोसळतो, द्रव पातळ होतो, कुंचल्याने सहज पसरतो. ठेवून दिली की बंगला पुन्हा उभा राहतो. हलवले की पातळ आणि ठेवले की घट्ट, असा हा गुण आहे. भिंतीच्या चांगल्या रंगातही तो असतो. म्हणून तो भिंतीवर लावताना पसरतो आणि लावल्यावर ओघळत नाही.

या गुणाची परीक्षा फूटपट्टीने होते. बाटली नीट हलवून उभी ठेवा. रोज ठरलेल्या वेळी वरच्या बाजूला किती मिलिमीटर द्रव चमकीविना दिसतो ते मोजा. एक आठवडा मोजा. ‘चमकी खाली बसते’ असे म्हणण्यापेक्षा ‘सात दिवसांत वर इतके मिलिमीटर मोकळा थर आला’ असे म्हणणे किती वेगळे आहे पाहा. पहिल्या वाक्यावर वाद होतो, दुसरे वाक्य कोणालाही ताडून पाहता येते.

कोणत्या उजेडात पाहिले?

सगळी चमक एका जातीची नसते. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली साधी चमकी लहानशा आरशासारखी प्रकाश परावर्तित करते. मोत्यासारखी झाक देणाऱ्या रंगात अभ्रकाचे कण असतात आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच कारणाने, म्हणजे प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने, तेथे रंग दिसतो. पूर्वी ही झाक माशांच्या खवल्यांतील ग्वानिनच्या स्फटिकांनी आणत. तिसऱ्या जातीच्या कणांवर अतिशय जवळजवळ समांतर रेघा असतात. त्यांच्यामुळे प्रकाशाचे विवर्तन होते आणि नखावर इंद्रधनुष्य उमटते. सीडीच्या तबकडीवर तुम्ही तेच पाहिले आहे. चौथ्या जातीत लोहयुक्त कण असतात. रंग ओला असताना वर लोहचुंबक धरला की कण एका दिशेने वळतात आणि मांजराच्या डोळ्यासारखी उजळ रेघ दिसते.

आता प्रश्न असा, की ही चमक पाहायची कोणत्या उजेडात? इंद्रधनुषी रंगाची बाटली ढगाळ दिवशी खिडकीशी पाहा. ती राखाडी दिसेल. तीच उन्हात किंवा विजेरीच्या एका झोतात न्या. सातही रंग उसळून येतील. ढगाळ उजेड सर्व दिशांनी येतो, त्यामुळे निरनिराळ्या कोनांतले रंग एकमेकांत मिसळून जातात. झोत एका दिशेने येतो, म्हणून रंग वेगळे राहतात. दोन मैत्रिणींनी एकाच बाटलीबद्दल अगदी उलट मते दिली, तर दोघीही खऱ्या असू शकतील. एकीने उन्हात पाहिले आणि दुसरीने ट्यूबलाइटखाली! म्हणून परीक्षणात उजेडाची नोंद नसेल तर त्या परीक्षणाला अर्थ नाही. निदान तीन उजेडांत पाहा: ऊन, ढगाळ किंवा सावलीतला उजेड, आणि घरातला दिवा.

परीक्षेचे नियम

आता मुख्य गोष्ट. चांगली परीक्षा घ्यायची तर काय काय सांभाळावे?

पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बाटल्यांची तुलना करायची तर खालचा थर तोच, वरचा संरक्षक थर तोच, थरांची संख्या तीच, खोली तीच आणि वेळही तीच हवी. एका बाटलीवर संरक्षक थर दिला आणि दुसरीवर दिला नाही, तर तुम्ही बाटल्यांची तुलना केलीच नाही.

दुसरा नियम, तुलनेसाठी एक नमुना राखून ठेवा. एका नखाला चमकीविना केवळ पारदर्शक रंग लावा. चौथ्या दिवशी चमकीचा रंग कोपऱ्यावर सुटला आणि पारदर्शक रंगही तिथेच सुटला, तर दोष चमकीचा नव्हे. कदाचित नखाला तेल लागलेले असेल, कदाचित तुम्ही त्या दिवशी भांडी घासली असतील.

तिसरा नियम, दोन्ही हात सारखे नसतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची उजवी नखे जास्त झिजतात. अंगठा आणि करंगळी यांचे आयुष्यही सारखे नसते. तेव्हा ‘अ’ बाटली उजव्या हाताला आणि ‘ब’ डाव्या हाताला, असे करू नका. बोटाबोटाला आलटून पालटून लावा, आणि पुढच्या वेळी त्यांची अदलाबदल करा.

चौथा नियम, मोजता येईल ते मोजा. रंग किती झाकतो हे पाहायला काचेची एक पट्टी घ्या, तिच्यावर रंगाचा थर द्या आणि ती वर्तमानपत्रावर धरा. खालची अक्षरे दिसेनाशी व्हायला किती थर लागले? वाळायला किती वेळ लागतो हे पाहायला कापसाचा लहान पुंजका रंगावर अलगद ठेवा आणि फुंकर मारा. तंतू चिकटून राहिले तर पृष्ठभाग ओला आहे. किती टिकतो हे पाहायला रोज संध्याकाळी नखाच्या टोकापासून किती मिलिमीटर रंग गेला ते पट्टीने मोजा. मोजताना एक ध्यानात ठेवा. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. त्यामुळे आठवड्याने मुळाशी जी रिकामी फट दिसते ती रंग सुटल्याची नव्हे, नख वाढल्याची आहे.

पाचवा नियम, हवामान लिहा. द्रावक उडून जाताना पापुद्रा थंड होतो. हवा फार दमट असेल तर त्या थंड पापुद्र्यावर हवेतील बाष्प जमते आणि रंग पांढुरका, धुरकट होतो. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कारागिरांना पावसाळ्यातला हा त्रास चांगला माहीत आहे. अमेरिकेतील एखाद्या कोरड्या, उबदार खोलीत लिहिलेले परीक्षण जुलैतल्या रत्नागिरीला जसेच्या तसे लागू पडणार नाही, आणि मे महिन्यातल्या नागपूरला तर आणखी निराळे काही घडेल. तापमान, ऋतू आणि गावाचे नाव लिहायला कितीसा वेळ लागतो?

सहावा नियम सर्वांत अवघड आहे, कारण तो स्वतःविरुद्ध आहे. बाटलीचे नाव, तिचा आकार, तिची किंमत आणि ती बनवणाऱ्याबद्दलची आपुलकी, या सर्वांचा आपल्या मतावर परिणाम होतो. बाटली भेट म्हणून आलेली असेल तर विचारूच नका. यावर उपाय जुना आणि साधा आहे. भावाला किंवा मैत्रिणीला सांगा, की काचेच्या पट्ट्यांवर रंग लावून दे आणि मागे केवळ १, २, ३ असे आकडे घाल. कोणता आकडा कोणत्या बाटलीचा, हे वहीत लिहून वही मिटून ठेव. तुम्ही गुण देऊन झाल्यावरच वही उघडायची. औषधांच्या चाचण्यांत हेच तत्त्व वापरतात. जे तत्त्व औषधाला लागू, ते चमकीला लागू करायला लाजायचे कारण नाही. आणि बाटली फुकट मिळाली असेल तर तेही परीक्षणात स्पष्ट लिहावे.

‘रंग झकास आहे, पटकन वाळतो, खूप टिकतो’ असे एक परीक्षण समजा. दुसरे असे: ‘दोन थरांत अक्षरे झाकली. दुसरा थर अकरा मिनिटांत वाळला. पाच दिवसांत उजव्या तर्जनीवर दोन मिलिमीटर रंग गेला. शेजारच्या पारदर्शक नखावरचाही तेवढाच गेला. पावसाळा, खिडकी उघडी.’ दुसऱ्या परीक्षणात एकही विशेषण नाही. तरी तुम्ही पैसे कोणत्या परीक्षणावर विसंबून खर्च कराल?

डोळ्यांना जे दिसत नाही

इथपर्यंत घरगुती परीक्षणाची बाजू मी मांडली. आता त्याची मर्यादा सांगतो, कारण माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

अशा परीक्षणांत अनेकदा एक वाक्य असते: ‘हा रंग विषारी द्रव्यांपासून मुक्त आहे.’ बाटलीवर तसे छापलेले असते. ‘तीन पदार्थांपासून मुक्त’, ‘पाच पदार्थांपासून मुक्त’, ‘दहा पदार्थांपासून मुक्त’ अशी चढाओढच लागलेली असते. मूळचे तीन पदार्थ म्हणजे टोल्यूइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्यूटिल थॅलेट. लिहिणारी व्यक्ती प्रामाणिक असते. पण हे वाक्य तिने पाहिलेले नसते, केवळ वाचलेले असते. नखावर रंग लावून त्यात टोल्यूइन नाही असे कोणाला सांगता येणार आहे?

२०१२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या विषारी पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या खात्याने नखांच्या २५ उत्पादनांचे प्रयोगशाळेत पृथक्करण केले. त्यांपैकी १२ उत्पादनांवर टोल्यूइन नसल्याचा दावा होता. त्या १२ पैकी १० मध्ये टोल्यूइन सापडले. तिन्ही पदार्थ नसल्याचा दावा ७ उत्पादने करीत होती. त्यांपैकी ५ मध्ये त्या तिघांतला एखादा किंवा अधिक पदार्थ होते. छापलेला शब्द आणि बाटलीतला द्रव यांत एवढे अंतर!

दुसरे उदाहरण तर प्रयोग कसा करावा याचा धडाच आहे. डायब्यूटिल थॅलेट वगळले तर पापुद्र्याला लवचिकपणा कशाने आणायचा? काही निर्मात्यांनी ट्रायफेनिल फॉस्फेट वापरले. ते शरीरात जाते काय, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या आणि एका पर्यावरण संस्थेच्या संशोधकांनी तपासले आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २६ स्त्रियांनी त्यात भाग घेतला. रंग लावल्यानंतर १० ते १४ तासांनी त्यांच्या लघवीत या पदार्थापासून शरीरात बनणाऱ्या रसायनाचे प्रमाण जवळजवळ सात पटींनी वाढलेले आढळले. पण ते वासावाटे गेले की स्पर्शाने? यासाठी काहींना हातमोजे घालून कृत्रिम नखांवर रंग लावायला सांगितले. वास तोच, स्पर्श मात्र नाही. तेव्हा तशी वाढ दिसली नाही. म्हणजे मुख्य वाट स्पर्शाची. एकच गोष्ट बदलली आणि प्रश्न सुटला. आपला पहिला नियम तो हाच! या प्रयोगाने पदार्थ शरीरात जातो एवढे सिद्ध झाले; त्यापासून किती अपाय होतो हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याला निराळे प्रयोग लागतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की परीक्षणाचे दोन भाग करा. ‘मी पाहिले’ आणि ‘बाटलीवर लिहिले आहे’. चमक, झाकण्याची शक्ती, वाळणे, टिकणे हे सारे पहिल्या भागात. सुरक्षितपणाचे सर्व दावे दुसऱ्या भागात, अवतरणचिन्हांत. त्यांची शहानिशा करायला प्रयोगशाळा लागते, आणि ती वेळच्या वेळी व्हावी यासाठी कायदा लागतो. हे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर सोपवणे अन्यायाचे आहे. आणि ‘केमिकल नसलेला रंग’ असे कोठे वाचाल, तर स्मितहास्य करून पुढे जा. पाणीसुद्धा रसायनच आहे.

पुसल्यावर चमकी जाते कोठे?

चमकीचा रंग पुसायला कठीण का, हे आता तुम्हीच सांगू शकाल. पुसण्याचा द्रव नायट्रोसेल्युलोज विरघळवतो, पॉलिएस्टर विरघळवत नाही. म्हणून भिजवलेला कापूस नखावर काही मिनिटे दाबून ठेवावा लागतो. मग पापुद्रा सैल होऊन चमकी कापसाबरोबर निघते. पण तो कापूस कोठे टाकायचा? निदान बोटे मोरीत खळखळून धुण्याआधी कोरड्या कागदाने पुसा, आणि कापूस व कागद कचऱ्याच्या डब्यात टाका. चमकीचा प्रत्येक कण म्हणजे प्लास्टिकचा कण आहे. मोरीतून तो गटारात, नदीत आणि समुद्रात जाऊ शकतो.

युरोपीय संघाने मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घालणारा नियम केला आणि १७ ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीची विक्री तिथे थांबली. नखांच्या रंगांना मात्र ऑक्टोबर २०३५ पर्यंत मुदत दिली आहे. ही मुदत फार लांबची वाटते. पण पर्याय शोधायलाही वेळ लागतोच. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी केवळ सेल्युलोजच्या सूक्ष्म स्फटिकांपासून चमकी तयार केली. तिच्यात रंगद्रव्य नाही. स्फटिकांच्या रचनेमुळेच रंग दिसतो, जसा मोराच्या पिसात दिसतो. अशी चमकी उद्या नखरंगात आली, तर ती द्रावकात टिकते काय, तळाशी बसते काय, रंग सोडते काय, हे कोणीतरी वाटी, फूटपट्टी आणि वही घेऊन पाहावेच लागेल.

शिक्षकांना विनंती

‘हे सारे मुलींचे चोचले आहेत, यात विज्ञान कसले?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी विचारीन, की मोटारीच्या रंगाचा अभ्यास विज्ञान ठरतो, मग तोच पापुद्रा नखावर आला की चोचला कसा होतो? द्रावण, बाष्पीभवन, घनता, परावर्तन, विवर्तन, चुंबकत्व हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. ते एकत्र पाहायला मिळतील अशी एवढ्या थोड्या खर्चाची दुसरी वस्तू सहज सापडणार नाही. जी मुलगी सहा बाटल्या शेजारी शेजारी लावून त्यांच्यातील फरक बारकाईने सांगते, तिच्या ठायी निरीक्षण आहेच; तिला फक्त नोंद आणि तुलना शिकवायची आहे. तिच्या हातातील बाटली काढून घेण्याऐवजी तिच्या हातात फूटपट्टी द्या. मुलांनाही या प्रयोगात घ्या. काचेची पट्टी रंगवायला कोणाचीच ना नसावी.

मात्र सावधगिरी हवी. हे द्रावक आणि पुसण्याचा द्रव झटकन पेट घेतात. नायट्रोसेल्युलोज किती ज्वलनशील असते, हे २००३च्या जानेवारीत पुण्यात दिसले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्यातील जुन्या नायट्रेट फिती तेव्हा आगीत गेल्या. तेव्हा शेगडी, निरांजन, उदबत्ती यांच्याजवळ बाटली उघडू नका. खिडकी उघडी ठेवा, वास मुद्दाम हुंगू नका, लहान भावंडांपासून बाटली दूर ठेवा. नखाच्या कडेला जखम असेल किंवा त्वचेला खाज सुटत असेल तर नखावर रंग लावू नका. काचेच्या पट्टीवर काम चालवा. वर्गात प्रयोग करताना एका वेळी एक-दोनच बाटल्या उघडाव्यात.

तर मित्रांनो, या सुट्टीत दोन बाटल्या, एक काचेची पट्टी, एक फूटपट्टी आणि एक वही घ्या. वहीच्या पानावर दोन रकाने पाडा: ‘मी पाहिले’ आणि ‘बाटलीवर लिहिले आहे’. आठवड्याने कोणत्या रकान्यात किती ओळी भरल्या ते मोजा. ही सवय एकदा लागली, की ती नखांच्या रंगापुरती राहत नाही. केसांचे तेल, दंतमंजन, शक्तिवर्धक पेय यांच्या डब्यांवरची वाक्येही तुम्ही त्याच दोन रकान्यांत घालू लागाल, आणि पहिला रकाना किती वेळा रिकामाच राहतो हे तुमचे तुम्हालाच कळेल.